खुणेवरचं पाणी

४ जून

आखणीकर,

चाचणीकर हिचा पंपासकट नमस्कार. तिकडच्या गोदामवाल्यांनी ठेवलेली ही नावं इथे कोणाला ठाऊक नाहीत. तुम्ही पंपांचे नकाशे आखता म्हणून आखणीकर आणि मी तुमच्या पंपांची परीक्षा घेते म्हणून चाचणीकर, हे पहिल्या दिवशी हौसेने सांगायला गेले तर कोणी हसलं नाही. विनोद समजावून सांगावा लागला की तो मेलाच. इथे मी नुसती 'मॅडम'.

कंपनीने चाचणी विभाग उचलून इतक्या लांब का आणला ते आता कळलं. इमारत मोठ्या रस्त्यापासून आत आहे, त्यामुळे गाड्यांच्या हादऱ्यांनी टेबल हलत नाही. माझी खोली तळघरात. वर एक अरुंद खिडकी, तिच्यातून फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसतात. तुमच्यासारखं चप्पल घासत चालणारं अजून कोणी दिसलं नाही.

तुमचे पंप आले. एकाची चकती वाटेत तडकली, बाकीचे ठणठणीत. इथल्या साहेबांनी आजवर फक्त मोठे पंप पाहिलेत. नाण्याएवढी पितळी चकती, तिच्यावर सिरॅमिकचा पातळ थर, आणि एवढ्यावर पाणी कसं चढतं, हे त्यांना पटेना. मी सांगितलं, वीज दिली की चकती फुगते, उलटी दिली की आत बसते, आणि खालच्या कप्प्यातलं पाणी पुढे ढकललं जातं. तरी चेहरा कोरा. शेवटी मी गाल फुगवून दाखवले. आता ते मला जिन्यात भेटले तरी गाल फुगवतात.

मदतीला एक गृहस्थ दिलेत. फार नम्र, पण काल त्यांनी माझा जीव खाल्ला. नळीतलं पाणी खुणेपाशी आलं, मी म्हटलं, "थांबा!" तर त्यांनी बटणच बंद केलं. त्या जुन्या जाड झडपा नीट मिटेनात, सगळं पाणी खाली, सकाळची मेहनत पाण्यात. मी म्हटलं, "अहो, थांबा म्हणजे बंद नव्हे. थांबा म्हणजे कशालाही हात लावायचा नाही, आहे तसं चालू ठेवायचं, पाणी स्थिर होईपर्यंत वाट बघायची." ते म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे थांबा म्हणजे बंदच." तुम्हाला नऊ वर्षांत हे एकदाही सांगावं लागलं नाही.

आणखी एक. गाडी सुटताना तुम्ही खिडकीशी आलात. तोंड उघडलंत. मी वाकून कान पुढे केला. आणि तुम्ही म्हणालात, "गाळणी बदलत जा." शेजारच्या टेबलावर इतकी वर्षं काढून माणूस निरोपाला पंपाची गाळणी काढतो?

बदलली. कालच.

सोमवारचा कामाचा फोन आहेच, पण त्यावर दोन्हीकडचे साहेब कान लावून बसतात. म्हणून हे पाकीट पंपांच्या डब्यात, स्पंजाखाली. उत्तरही तसंच यावं.

चाचणीकर


१९ जून

चाचणीकर यांना नमस्कार.

स्पंजाखालचं पाकीट मी अहवाल समजून साहेबांसमोरच फोडलं. "गाल फुगवून" इथपर्यंत वाचलं आणि मिटलं. माझे कान लाल झाले असणार, कारण साहेबांनी उकडतंय का विचारून पंखा वाढवला.

इकडे ठीक आहे. तुमच्या टेबलावर लोक रिकामी खोकी आणून ठेवतात. मी ती उचलून खाली ठेवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. गोदामवाले म्हणाले, "आखणीकर, त्या टेबलावर आता बसतंय कोण?" मी म्हटलं, "खोकी तरी कशाला बसायला हवीत?" त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

पंप लावला की तो गुणगुणतो, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हीही त्या सुरात गुणगुणायचात, ते मात्र तुम्हाला माहीत नसावं. आता पंप एकटाच गुणगुणतो. करमत नाही. ताई म्हणते, जेवताना तुझं पानात लक्ष नसतं. तिची नजर हल्ली अधू झाली आहे, तरी हे तिला बरोबर दिसतं.

सोबत नवीन आखणीचे पंप पाठवतो आहे. यांत झडपा नाहीत. एकही नाही. आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट मी नरसाळ्यासारखी ठेवली आहे, एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळती. चकतीच्या प्रत्येक ठोक्याला पाणी थोडं पुढे जातं, थोडं मागे येतं, पण पुढे जाणारं जरासं जास्त असतं. त्या जराशावरच सगळं चालतं. हलणारा भाग नाही, म्हणजे झिजणं नाही, अडकणं नाही. आजारी माणसाने अंगावर बाळगायचा पंप आहे, त्यात बिघडण्यासारखं जितकं कमी तितकं चांगलं. तुम्ही नाक मुरडाल, ते मी इथूनच पाहतो आहे.

गाळणीबद्दल : मला दुसरंच काही म्हणायचं होतं. पण गाडी सुटली.

आखणीकर


११ जुलै

आखणीकर,

मुरडलं. नाक मुरडलं, तोंड वाकडं केलं आणि मग तुमचे बिनझडपेचे पंप टेबलावर लावले. तुमच्या लाडक्यांनी पहिल्याच दिवशी हवा धरली. कप्प्यात मोहरीएवढा बुडबुडा अडकला आणि संपलं! चकती बिचारी फुगतेय, बसतेय, गुणगुणतेय, सगळं जोरात. पण तो जोर बुडबुडाच गिळतो आणि पाणी जागचं हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, काय जोमात काम चाललंय! मला का कोण जाणे आपली दोघांची आठवण झाली.

पाणी उकळलं, झाकून थंड केलं, पंप तिरका धरून सावकाश भरला. बुडबुडा निघाला. निळा रंग टाकलेलं पाणी नळीतून असं झरझर चढलं की नम्र गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मान्य, चालतो. छान चालतो.

पण बंद केला की काय? वीज गेली की तुमच्या त्या रुंद-निमुळत्या वाटांना काही धरबंध नाही. चढलेलं पाणी सुर्रकन मागे. औषधाच्या पंपाला हे कसं चालेल? रुग्णाने बॅटरी बदलायला पंप बंद केला, तर औषध उलटं पिशवीत जाईल. मला झडप हवी. लहानशी, कागदासारखी पातळ, पण पाठीमागे दार लावून घेणारी. चालू असताना सगळेच पुढे जातात हो. थांबल्यावर जो मागे जात नाही, तो पंप खरा.

आता दुसरं. साहेबांनी काल बोलावून घेतलं. (गाल फुगवले नाहीत, म्हणजे गंभीर.) म्हणाले, तुम्ही इथे पक्क्या व्हा. निदान दोन वर्षांचा करार करा, पावसाळा संपेपर्यंत विचार करून सांगा. काम चांगलं आहे, विभाग माझ्या हाती देतील. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

भाड्याच्या खोलीवर येऊन दिवा न लावता बसून राहिले. घरमालकीणबाई विचारायला आल्या, बरं नाही का? मी म्हटलं, बरं आहे, घरची आठवण आली. त्या म्हणाल्या, घरी कोण असतं? आणि खरंच, कोण असतं? आईवडील गेले, भाऊ त्याच्या संसारात. मला आठवत होतं ते ओरखडे पडलेलं टेबल आणि शेजारच्या टेबलावरची पेन्सिलीची खरखर.

म्हणून सरळ विचारते. मी करार करू का? आणि हे स्पंजाखाली जे चाललंय त्याचं पुढे काय? मला तुमच्याकडून आडवळणाचं उत्तर नको. गाळणी तर मुळीच नको.

चाचणीकर


२ ऑगस्ट

चाचणीकर यांना सविनय नमस्कार.

झडपेबद्दल तुमचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे. मी माझ्या आखणीच्या प्रेमात पडलो होतो. झडप करायला घेतली आहे. पातळ पडद्यातून जिभेसारखा तुकडा कापतो. कोरडा असला की तो खाली चिकटून बसतो, म्हणून भोकाभोवती अगदी बारीक कड उठवली. चकती फार वेगाने चालवली तर झडपेला मिटायला वेळच मिळत नाही, ती नुसती फडफडते. सावकाश चालवली तर नीट बसते. घाई तिला मानवत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर खूप विचार केला. हे पत्र मी कितीदा लिहून फाडलं ते सांगत नाही. अशा गोष्टी मला बोलता येत नाहीत आणि लिहिताना तर हात जड होतो, तेव्हा कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावं.

तुम्हाला तिकडे जे काम मिळतं आहे ते मोलाचं आहे, हे मला कळतं. माझं वय झालं. ताईला एकटं ठेवून मला कुठे हलता येत नाही. तुम्हाला देण्यासारखं माझ्याकडे फार काही नाही, हेही कळतं. या सगळ्याचा सर्व बाजूंनी विचार केल्यावर मला मनापासून एकच वाटतं, ते लिहितो : आपण थांबावं.

उत्तराची घाई नाही.

आखणीकर


१४ ऑगस्ट

आखणीकर यांस,

पत्र पोचलं. आडवळण नको म्हटलं होतं, तुम्ही घेतलं नाहीत. आभार.

बरं. थांबते.

झडपा तयार झाल्या की पाठवाव्यात.

चाचणीकर


२० सप्टेंबर

चाचणीकर यांना नमस्कार.

तुमचं दोन ओळींचं पत्र मिळालं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. "थांबते" हा शब्द वाचला आणि इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! मला धास्ती होती, तुम्ही वाद घालाल, रागवाल. तुम्ही एका शब्दात समजून घेतलंत. तुमच्याइतकं मला कोणी ओळखत नाही हेच खरं.

तेव्हापासून कामाला असा हात लागला आहे की बघायलाच नको. साहेबसुद्धा म्हणाले, आखणीकर, हल्ली शीळ घालता. मला शीळ येते हे मलाही ठाऊक नव्हतं. तुमच्याकडून त्यानंतर पत्र नाही, पण मी समजतो. बोलायचं ते बोलून झालं. आता रोज उठून काय लिहायचं? निवांत आहे.

सोबत झडपेचे पंप. दोन झडपा, एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. जीभ हवी तशी पातळ करताना एक पूर्ण पडदा वाया गेला. चढलेलं पाणी आता मागे येऊ नये. येत असेल तर बेलाशक शिव्या घाला.

घरीही थोडे बदल चालले आहेत. मागच्या खोलीतली अडगळ काढली, रंगाचं बघतो आहे. ताईने फारच मनावर घेतलं आहे. वेळ आली की सांगेनच, आत्ताच गाजावाजा नको.

आखणीकर


६ ऑक्टोबर

आखणीकर यांस,

चाचणीचा निकाल : झडपा चांगल्या बसतात. पंप चालू असताना पाणी आधीच्याहून हळू चढतं, पण ठोक्याला धरून चढतं. बंद केल्यावर निळं पाणी खुणेवर थांबलं. खाली आलं नाही. निरीक्षण चालू ठेवलं आहे.

बुडबुड्याचा त्रास कमी, पण भरताना अजून सावकाश भरावं लागतं.

घरातल्या बदलांबद्दल मनापासून अभिनंदन. जी कोणी येणार असेल ती सुखात राहो. ताईंना सोबत होईल.

यापुढे डब्यात फक्त अहवाल असेल.

चाचणीकर


२५ ऑक्टोबर

चि. चाचणीकर हिला आखणीकरच्या ताईचे अनेक आशीर्वाद.

अक्षर तिरकं जातंय, ओळी एकमेकींच्या अंगावर चढतायत, चालवून घे. डोळ्यांना आता कागद आहे एवढंच दिसतं, रेघ दिसत नाही. शेजारणीकडून लिहून घेतलं असतं, पण हे तिला कळलं तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळेल.

तुझं शेवटचं पत्र माझ्या भावाने मला वाचून दाखवलं. म्हणाला, "ताई, हिने अभिनंदन कशाचं केलंय गं? येणारी कोण?" मी म्हटलं, "अरे बाबा, मला काय विचारतोस? तू काय लिहिलंस ते सांग." तर म्हणे, थोडे बदल चाललेत असं लिहिलं. डोक्यावर हात मारून घेतला मी. पन्नाशी गाठायला आला हा, पण बाईमाणसाला काय लिहावं याचा पत्ता नाही.

अगं, ती खोली तुझ्यासाठी रिकामी केली! दुसरी कोण येणार आमच्याकडे? ऑगस्टात तुझं पत्र आलं तेव्हा हा हातपाय न धुता तसाच स्वयंपाकघरात आला. "ताई, ती थांबते म्हणाली." मी म्हटलं, कोण, कशासाठी? तर म्हणे, "मी तिला विनंती केली होती, करार करू नका, माझ्यासाठी थांबा. ती थांबते म्हणाली." आणि मग खाली बसून लहान मुलासारखा रडला. आमची आई गेली तेव्हा हा रडला नव्हता.

तुला उन्हं आवडतात म्हणून खिडकी असलेली खोली निवडली. रंगाचे नमुने मला दाखवत होता. मला! मी म्हटलं, मला सगळे सारखेच, तिला विचार. तर म्हणे, इतक्यात कसं विचारणार, घाई केली असं वाटेल तिला.

आता तूच सांग. तुझ्या मनात नसेल तर तसं लिही, मी त्याला सांभाळीन. आजवर सांभाळलाच आहे. पण असेल, तर हे अभिनंदन वगैरे काय चालवलंयस? माझे डोळे अधू आहेत, पण तुम्हा दोघांना तर धडधडीत समोरचंही दिसत नाही.

रागावले नाही. लवकर लिही.

ताई


९ नोव्हेंबर

आखणीकर,

ताईंचं पत्र तळघरात उभ्या उभ्या वाचलं. आधी हसू आलं. मग असं रडू आलं की नम्र गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, बंद करू?" मी म्हटलं, "नको. थांबा." आणि तो शब्द माझ्याच तोंडून ऐकला तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला.

आपल्या टेबलावर थांबा म्हणजे बंद कधी होतं हो? इथे आल्या आल्या मीच या लोकांना शिकवायला निघाले होते. कशाला हात लावायचा नाही, आहे ते चालू ठेवायचं, वाट बघायची. तुम्ही मला तोच शब्द लिहिलात, आणि बटण बंद केलं ते मी. दोन-अडीच महिने इथलं पाणी प्यायले आणि इथलीच भाषा वाचायला लागले.

पण तुमचीही कमाल आहे. नऊ वर्षं मला "तुम्ही, तुम्ही" करत आलात आणि नेमक्या त्या ओळीत "आपण"? आदराने लिहिलंत ना? अगदी हात जोडून? मी ते तसं वाचलंच नाही. मी वाचलं आपण दोघं. तुमच्या कुठल्याच पत्रात ते आपण नव्हतं. मी दर वेळी शोधायची. पहिल्यांदा सापडलं, आणि सापडलं ते थांबवण्यासाठी, असं समजले. ती ओळ घेऊन मी किती दिवस कशी वावरले, ते कधीतरी समोर बसून सांगेन. आणि वर तुम्ही लिहिता, ओझं उतरलं, शीळ घालतोय! तुमचा गळा दाबावासा वाटला होता.

आता सांगायचं ते सांगून टाकते. मी सही केली. तुमचं ते शीळ घालणारं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत जाऊन करारावर सही केली. दोन वर्षं. काल ताईंचं पत्र हातात घेऊनच त्यांच्याकडे गेले. फिरवता येईल का विचारलं. माणूस चांगला आहे, मनापासून हळहळले, पण म्हणाले, आता ते त्यांच्याही हातात नाही. विभाग माझ्या नावावर उभा राहिलाय. तुम्ही ताईंना सोडून यायचं म्हणाल, तर ते मी होऊ देणार नाही. त्यांची ती तिरकी अक्षरं पाहिल्यावर तर नाहीच.

दोन वर्षं. मला तुमची आठवण येते. खूप येते. वरच्या खिडकीतून संध्याकाळी सगळ्यांचे पाय घरी जाताना दिसतात, तेव्हा सगळ्यात जास्त येते. हे मी पंपाच्या आडून किती पत्रं लिहीत आले, आता सरळ लिहिते. माझं तुमच्यावर प्रेम आहे. गाडी सुटायच्या आधीपासून आहे.

तुमचा झडपेचा एक पंप मी कामातून बाजूला काढून त्या खिडकीत ठेवलाय. निळं पाणी खुणेपर्यंत चढवलं, तारा काढल्या, नळीचं तोंड झाकलं. तेव्हापासून त्याला वीज नाही, कोणी ढकलत नाही. रोज सकाळी आले की आधी तिकडे बघते. अजून खुणेवर आहे. तुम्ही दार इतकं नीट लावलंत की एक थेंब मागे गेला नाही.

तेव्हा आता मी मागते. तुम्ही नाही, आपण नाही. ज्यात कोणाचा गोंधळ होणार नाही असं एकदाच लिहिते.

तू थांब.

चाचणीकर


१८ नोव्हेंबर

चाचणीकर,

बरं. थांबतो.

याहून जास्त लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ताई म्हणते, एवढ्यासाठी पाकीट वाया घालवू नकोस, म्हणून आणखी थोडं. तुझ्या टेबलावर आता कोणी खोकी ठेवत नाही. मी तिथे पाटी लावली आहे, "थांबा". गोदामवाल्यांनी तिचा अर्थ विचारला, मी नीट समजावून सांगितला. सुट्टी मिळेल तेव्हा ये. नाही मिळाली तर मी शेजारणीला ताईपाशी ठेवून दोन दिवस येईन आणि त्या खिडकीवरून चपला घासत जाईन.

गाडीच्या खिडकीशी जे म्हणायचं होतं, ते तू लिहिलंस. माझंही तेच होतं.

खोलीला रंग दिलेला नाही. तू आल्यावर तू निवड. तोवर तशीच ठेवतो, खिडकी उघडी ठेवून. खोली आपली आहे. हे "आपली" मात्र तू वाचतेस तसंच वाच.

तुझा
आखणीकर